विषय: कोकण निधी – शेड बांधायची की माणूस नेमायचा?

प्रेषक: चिटणीस

मंडळी, नमस्कार.

पाडव्याचा कार्यक्रम छान झाला, डब्यातला आमरसही पुरला. आता जरा कामाचं. नाटकाच्या तिकीटविक्रीतून कोकण निधीत शिल्लक पडली आहे. तिच्यातून मालवणला मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी पत्र्याची मोठी शेड बांधून द्यावी, अशी सूचना कार्यकारिणीत आली. शेडवर देणगीदारांची पाटी लावता येईल, म्हणजे पुढच्या देणग्या सोप्या जातील, असंही कुणीतरी म्हणालं. कोण ते लिहीत नाही.

इथे अमेरिकेत आपल्या शहराच्या रिक्रिएशन डिपार्टमेंटचं, म्हणजे खेळ आणि छंदवर्ग चालवणाऱ्या खात्याचं, उन्हाळ्याच्या वर्गांचं पुस्तक आलंय, त्यावरूनच ही कल्पना निघाली. रहिवाशांची नोंदणी आधी उघडते आणि पोहण्याचे वर्ग बघता बघता भरतात, तेव्हा ज्यांना मुलांची नावं घालायची आहेत त्यांनी झोपून राहू नये.

माई सध्या मालवणातच आहेत. माई, तुम्ही लिहा ना.

प्रेषक: माई, मालवण

सप्रेम नमस्कार.

शेड नको. निकाल आधी सांगितला, आता कारणं.

तुमच्यातल्या जुन्यांना माहीत आहे, निवृत्तीनंतर मी शहराच्या त्याच खात्याच्या खिडकीवर अर्धवेळ बसत होते. पुस्तक रंगीत असतं म्हणून लोकांना वाटतं, खातं म्हणजे तलाव, जिम आणि टेनिसची कोर्टं. खिडकीच्या आत बसलं की वेगळंच दिसतं. आमचे निम्मे वर्ग शाळांच्या जिममध्ये आणि चर्चच्या तळघरात चालायचे. योगवर्ग ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत व्हायचा, तिथे शेजारी झेरॉक्स मशीन घरघरत असे. जागेवाचून वर्ग रद्द झालेला मला आठवत नाही. शिकवणारा मिळाला नाही म्हणून मात्र कितीतरी रद्द झाले. हंगाम सुरू होण्याआधी साहेब एकच प्रश्न घेऊन हिंडायचा, लाइफगार्ड किती मिळाले? गार्ड कमी पडले की तलावाची वेळ कमी. पाणी तेवढंच, फरशी तीच, पण कठड्याजवळ उंच खुर्चीवर बसणारा पोरगा नाही म्हणून कुलूप.

तो पोरगाही काही मोठा पैलवान नसायचा. रेड क्रॉसचं लाइफगार्डचं प्रशिक्षण पंधराव्या वर्षापासून घेता येतं. शाळकरी मुलं ते घेतात, परीक्षा देतात आणि उन्हाळाभर पगार कमावतात. काल ज्याला आम्ही पहिल्या पायरीत पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे सोडायला लावलं, तोच काही वर्षांनी शिट्टी गळ्यात घालून बसलेला दिसायचा. रेड क्रॉसच्या पोहण्याच्या अशा सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक आईला आपलं मूल निदान एक पायरी वरचं आहे असं वाटतं. खिडकीवर सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून.

या खात्यांचं मूळ तर आणखी गमतीचं आहे. १८८५ साली बॉस्टनमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांना खेळायला वाळूचा ढीग टाकला, तिथून अमेरिकेत सार्वजनिक क्रीडांगणांची चळवळ सुरू झाली असं मानतात. वाळू आणि देखरेखीला बायका. आधी त्या हौसेनं यायच्या, पुढे त्यांना पगार मिळू लागला. आता मालवणला आपण वाळू नेऊन टाकायची का? चिवल्याच्या किनाऱ्यावर हवी तेवढी आहे. देखरेखीचा पगार तेवढा नाही.

छप्परंही आहेत. मामा वरेरकर नाट्यगृह आहे, बोर्डिंग ग्राउंड आहे, मे महिन्यात शाळांचे वर्ग रिकामे असतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बागा आणि क्रीडांगणं नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आली. पण क्रीडांगण म्हणजे जागा. तिथे मुलांना शिकवणाऱ्याचं नाव त्या यादीत नाही.

आणि शिकवायचं काय, तर पोहणं. इथे डिसेंबरात चिवला बीचवर राज्यभरातून पोहणारे येतात, समुद्रात स्पर्धा होते. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची (एमटीडीसी) स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. आणि माझ्या शेजारच्या बाजारपेठेतल्या घरांत, जिथून लाटांचा आवाज ऐकू येतो, तिथल्या मुलांना घोटाभर पाण्यापुढे जायची बंदी आहे. कोळ्या-गाबतांची मुलं होडीवरच शिकतात, त्यांची गोष्ट निराळी. पूर्वी बाकीची मुलं विहिरीत शिकायची. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा आणि काकानं वरून ढकलून द्यायचं. आता विहिरींवर पंप बसले, काका मुंबईला गेले.

माझं म्हणणं एवढंच. निधीतून मे महिन्यापुरते दोन शिकवणारे आणि एक जीवरक्षक नेमा.

– माई

प्रेषक: खजिनदार

माई, तुमचं म्हणणं पटतं, पण हिशेब मला द्यावा लागतो. शेड दिसते, तिचा फोटो काढून वार्षिक सभेत दाखवता येतो. पगार खर्च झाला की संपला, आणि एकदा दिला की दरवर्षी द्यावा लागणार. इकडे प्रत्येक फॉर्मखाली पालकांची सही असते, शहराचा विमा असतो. तिकडे समुद्रात काही बरंवाईट झालं तर मंडळानं काय करायचं? शिवाय वेळापत्रक कसं लावणार? इथे मंगळवार-गुरुवार पाच ते पावणेसहा म्हटलं की झालं, तलाव कुठे जात नाही. समुद्र जातो.

फी घेणार की नाही, तेही लिहावं.

प्रेषक: माई, मालवण (खालचं पत्र आमच्या शेजारच्या अप्पांचं आहे. त्यांनी सांगितलं तसं टाइप केलं आहे.)

वयनी, तुमचा पत्र नातवान वाचून दाखवल्यान. शेडीचा नाव काढू नका. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ इला तेव्हा माझ्या मांगराचे (शेतातल्या खोपटाचे) पत्रे खय गेले ते अजून गावले नाय.

पोरांका पोहूक शिकवचा तर होयाच. पण मे महिन्यात गावची पोरां मोकळी नसतत. आंबे काढूक, काजी सुकवूक, कोकमा फोडूक आवशीक हात लागता. मुंबयसून इलेली पोरां मात्र दिवसभर मोकळीच. दोगांका एकदम बोलवलात तर मुंबयकार आधी नावां घालतले आणि आमची मागे रवतली. म्हणान आधी गावच्यांची नावां घेवा. आणि चेडवांक (मुलींना) शिकवक बाईच होयी, नायतर एक पण येवची नाय.

– अप्पा

प्रेषक: माई, मालवण

अप्पांनी खिडकीवर कधी काम केलेलं नाही, पण रहिवाशांची नोंदणी आधी हा नियम त्यांनी आपला आपण काढला! तेव्हा पहिल्या आठवड्यात फक्त गावच्यांची नावं, उरलेल्या जागा चाकरमान्यांच्या मुलांना. फी घ्यायची. गावच्यांना नाममात्र, मुंबईकरांना पूर्ण. अगदीच फुकट ठेवलं तर लोक नाव घालतात आणि येत नाहीत, हे दोन्ही देशांत सारखंच आहे. ज्यांना तेवढंही जड जाईल त्यांची फी गाजावाजा न करता माफ. तिकडेही अशी सवलत असतेच, आपल्यापैकी काहींनी ती पहिल्या वर्षांत घेतली होती आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

आता खजिनदारसाहेबांचा समुद्र. तो जातो, पण सांगून जातो. इथला जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरण्याची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला. द्वादशीला नऊ. ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ बंदरावर विचारायची. मुलांना पाण्यात न्यायचं ते भरती चढत असताना, ओहोटी लागली की सगळी बाहेर. मग वेळापत्रक आपोआप पडतं. षष्ठी ते नवमी संध्याकाळी वर्ग, दशमी ते चतुर्दशी सकाळी. प्रतिपदेपासून चार-पाच दिवस भरती भर दुपारी येते, त्या उन्हात मुलांना कोण उतरवणार? ते दिवस वाळूवरच्या शिकवणीचे. दोर कसा फेकायचा, बुडणाऱ्याकडे स्वतः उडी न घेता फळी कशी सरकवायची, छाती कशी दाबायची. पुन्हा षष्ठी आली की पाणी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, त्या दिवशी सुट्टी. म्हणजे आपल्या पुस्तकात वार नसतील, तिथ्या असतील. भिंतीवरचं पंचांग बघून आया मुलांना पाठवतील, त्यांना ते मंगळवार-गुरुवारपेक्षा सोपंच जाईल.

शिबिर मेच्या तिसऱ्या आठवड्यात बंद. २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत इथले जलक्रीडा व्यवसाय बंद असतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. आपण त्यांच्याहून शहाणे नाही.

यातच तुमच्या पगाराचंही उत्तर आहे. जलक्रीडावाल्यांकडची तरुण मुलं समुद्र ओळखतात, बुडणाऱ्याला काढायचं शिकलेली आहेत. मे महिना त्यांच्या धंद्याचा ऐन हंगाम, त्यामुळे फुकट कोणी येणार नाही आणि यावं अशी अपेक्षाही करू नये. बोटीवर सुटणारी कमाई भरून दिली तर वर्गाचे दोन तास देतील, असं दोघांनी मला तोंडी सांगितलं आहे. बाईचा शोध चालू आहे. स्पर्धेत पोहणारी एक मुलगी कुडाळला आहे, तिच्या आईशी बोलणं व्हायचंय. पालकांची सही मराठीत घेऊ आणि विम्याची चौकशी मी इथे करते. मंडळानं सरळ शिबिर चालवू नये, इथल्या शाळेच्या नाहीतर क्रीडा मंडळाच्या नावानं चालवावं आणि आपण फक्त पगार द्यावा. पाटी कुठे लावायची हा प्रश्न उरतो. मुलांच्या टोप्यांवर मंडळाचं नाव छापा. भडक केशरी रंगाच्या टोप्या घ्या, पाण्यात डोकी मोजायला बऱ्या पडतात, आणि फोटोतही दिसतील.

दरवर्षी द्यावं लागेल, हे खरं आहे. शेडही दरवर्षी रंगवावी लागलीच असती.

प्रेषक: चिटणीस

माई, शेडचा ठराव रविवारच्या सभेत मागे घेतेय. खजिनदारांनी टोप्यांचा भाव आत्ताच काढला, यावरून काय ते समजा. पावसाळ्यासाठीही काही सुचवा ना. नाट्यगृहात मृदंगाचा किंवा दशावताराचा वर्ग, गणपतीआधी?

प्रेषक: माई, मालवण

दशावतार आत्ता नको. त्या मंडळींचा मुक्काम जत्रांच्या हंगामात रोज वेगळ्या गावात असतो, पावसाळ्यात ती आपल्या शेतीत असतात. भाताची लावणी आटोपली की श्रावणात विचारू. मृदंगाचं जमेल, भजनी बुवा तयार आहेत.

एक अडचण राहिली. ज्या टप्प्यात मुलांना उतरवायचं म्हणतेय, तिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली की सगळा किनारा अडतो. रापण कधी लागणार ते आधी ठरत नाही, मासा दिसला की लागते. उद्या संध्याकाळी रापणकरांना भेटून दुसरा टप्पा ठरवते आणि कळवते. तोवर टोप्या मागवू नका, मापं घ्यायची आहेत.

– माई