पावनखिंडीच्या वाटेवरची पडकी झाडं: तोडायची की ओलांडायची?

मसाईपठार:
पन्हाळा–पावनखिंड मोहिमांचे दिवस आले. १२ जुलै १६६० च्या रात्रीची आठवण म्हणून हजारो पोरं भर पावसात मसाई पठार, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी करत पांढरपाण्याकडं चालतात. वळवाच्या वाऱ्यानं आडवी झालेली झाडं मात्र वाटेत तशीच. माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक गटानं मोहिमेच्या आधी एक रविवार द्यावा, करवत-कोयता घेऊन वाट मोकळी करावी आणि लाकूड जवळच्या वाडीला जळणासाठी द्यावं. तसंही ते कुजूनच जाणार.

ऐनकिंजळ:
"कुजूनच जाणार" हेच खटकलं बघा. रानात कुजणं म्हणजे वाया जाणं नव्हे. त्या ओंडक्यात भुंग्यांच्या अळ्या वाढतात, त्यांच्यावर सुतारपक्षी जगतो, बुरशी लाकडाची माती करते आणि त्याच मातीत पुढचं रोप उभं राहतं. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २००० मध्ये अभयारण्यांतून वाळलेली, वाऱ्यानं पडलेली झाडंसुद्धा हलवायला मनाई केली, ती उगाच नाही.

मसाईपठार:
ते राधानगरी-दाजीपूरला सांगा. आमची वाट अभयारण्यातनं जात नाही.

ऐनकिंजळ:
नसेल. पण राखीव वन तर आहे ना? तिथं परवानगीशिवाय लाकूड तोडणं आणि नेणं दोन्ही १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हाच. आणि जिथं राखीव वन नाही तिथं बऱ्याचदा कुणाची तरी मालकी असते. पडलेला फणस किंवा आंबा मालकाला न विचारता कापून बघा. कायदा लांब राहिला, तोच काठी घेऊन येईल.

बिंदूचौक:
भावांनो, झाडाचं सोडा. आधी एका दिवशी किती माणसं सोडायची ते ठरवा.

मसाईपठार:
विषय भरकटवू नका. झाड आडवं असलं की माणूस वळसा घालतो. शंभर जणांनी वळसा घातला की दुसरी वाट पडते, त्या वाटेचा चिखल होतो, मग तिसरी. करपेवाडीच्या पुढं उतारावर बघा, एका ओंडक्यापायी रोपं तुडवून पार रस्ता झालाय. झाड वाचवायच्या नादात रान तुडवलं जातंय, त्याचं काय?

वाडीची लेक:
आमच्या नावानं दान चाललंय म्हणून बोलते. जुलैत तोडलेलं लाकूड आमच्या काय कामाचं? ओलं जांभूळ चुलीत घातलं तर नुसतं धुमसतं, डोळ्यांतनं पाणी निघतं आणि भाकरी कच्चीच. आमच्यात जळण मिरगाच्या आत भरतात. चैत्र-वैशाखात वाळक्या फांद्या आणायच्या, फोडायच्या, पडवीत रचायच्या. उज्ज्वलाचा गॅस आलाय घरात, नाही असं नाही. पण सिलिंडर खालनं वर आणायचं भाडं कोण देणार? म्हणून चहा गॅसवर, अंघोळीचं पाणी आणि म्हशीचं आंबोण चुलीवर. शिवाय जळण घरात सापडलं तर वनखात्याला उत्तर आम्ही द्यायचं, तुम्ही तोवर कोल्हापुरात मिसळ खात असणार.

ऐनकिंजळ:
हे महत्त्वाचं बोललात. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजात काटक्या-झुडपं आणि बुंधेही धरलेत. वाडीनं ग्रामसभेतनं सामूहिक हक्काचा दावा मंजूर करून घेतला तर ते तुमच्या हक्काचं. ट्रेकर कोण वाटणारा?

करवतीवाला (शाहूवाडी):
कायद्याचं तुमचं चालू द्या. मी कटर मशीन चालवतो, म्हणून रविवारच्या हौशी करवतीबद्दल सांगतो.

चर पडलाय, त्यावर झाड आडवं, दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्यभाग लोंबतोय. अशा वेळी खोडाची वरची बाजू दाबात असते आणि खालची ताणात. वरनंच कापत गेलात तर फट मिटते, पातं अडकतं आणि ओढाताणीत कुणाचा तरी हात जातो. वरनं तिसरा हिस्सा कापायचा, मग खालनं वर यायचं. शेंडा हवेत लोंबत असला तर उलटं, आधी खालनं. उतारावर कायम वरच्या अंगाला उभं राहायचं, ओंडका कधी घरंगळेल सांगता येत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे मुळासकट उपटलेलं झाड. मधनं कापलं की वजन जातं आणि मातीचा गड्डा बुंध्यासकट पुन्हा उभा राहतो. मुळांच्या खड्ड्यात कुणी फोटो काढत बसला असेल तर संपला.

मसाईपठार:
म्हणजे करायचंच नाही?

करवतीवाला (शाहूवाडी):
मी कुठं तसं म्हणालो? दोन माणसं शेजारी-शेजारी जातील एवढीच फट पाडायची. कापलेला तुकडा त्याच रानात कडेला ढकलायचा, पाचर मारून अडवायचा, घरी काही न्यायचं नाही. कुजायचं ते तिथंच कुजेल.

ऐनकिंजळ:
याला माझी ना नाही. फक्त कमरेएवढा ओंडका असेल आणि वर चढून पलीकडं जाता येत असेल तर तेवढं चढा की. पावनखिंडीला निघालाय, रंकाळ्याला फिरायला नाही.

वाडीची लेक:
आणि येताना बाटल्या-पाकिटं गोळा करायला पोती आणा. ओंडक्यापेक्षा त्याचाच ढीग मोठा असतोय.

मसाईपठार:
बरं, पोती माझ्याकडं लागली. येत्या रविवारी कोण कोण येतंय?

करवतीवाला (शाहूवाडी):
वनरक्षकाला विचारलंस का आधी? तो लेखी हो म्हणाला तर मी मशीन घेऊन येतो. पेट्रोल तुमचं.