त्रिस्वर-जोडी म्हणजे तीन स्वरांची जोडी की दोन त्रयींची?

सुषिर
जॅझ सॅक्सोफोनचे काही धडे मराठीत लिहितो आहे. 'ट्रायड पेअर' या शब्दापाशी अडलो. पहिल्या खर्ड्यात 'त्रिस्वर-जोड्या' असं लिहून शिकणाऱ्या एका मैत्रिणीला वाचायला दिलं. तिने आठवडाभर सी-ई, ई-जी, जी-सी अशा दोन-दोन सुरांच्या जोड्या घोटल्या. 'तीन सुरांतून पडणाऱ्या जोड्या' असा अर्थ तिने लावला होता. तिचा दोष नाही, शब्द तसाच वाचला जातो. तिचा आठवडा माझ्या शब्दामुळे फुकट गेला याचं मला वाईट वाटतंय, म्हणून हा धागा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायड म्हणजे सप्तकातले एक सोडून एक असे घेतलेले तीन स्वर. असे दोन ट्रायड घ्यायचे, दोघांत सामाईक स्वर एकही नाही असे. उदाहरणार्थ एफ मेजर (एफ, ए, सी) आणि जी मेजर (जी, बी, डी). साथीला डी मायनर सेव्हन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) चालू असताना उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वादन, करायची ती फक्त या सहा सुरांत, पण सरळ सरगम म्हटल्यासारखी नाही. एक तुकडा पहिल्या ट्रायडचा, पुढचा दुसऱ्याचा, मग परत पहिल्याचा. क्रम उलटसुलट करता येतो, पण कोणता तुकडा कोणाचा ते कानाला कळत राहिलं पाहिजे. सॅक्सोफोनवादक मायकेल ब्रेकरच्या वादनात अशी वळणं ऐकायला मिळतात.

शब्दाने दोन गोष्टी सांगायला हव्यात: प्रत्येकात तीन स्वर आहेत, आणि दोघं एकमेकांपासून वेगळे आहेत. सुचवा.

काळी चार
त्रिक. यात अडण्यासारखं काय आहे? सात स्वरांचं सप्तक, आठ ओळींचं अष्टक, पाचांचं पंचक, तसं तिनाचं त्रिक. प्रत्यय ओळखीचा, 'सप्तक' तर संगीतातलाच. 'त्रिकजोडी' म्हटलं की जोडी त्रिकांची हे आपोआप ठरतं. 'त्रिस्वर' हे विशेषण वाटतं म्हणून तुमची मैत्रीण फसली. 'त्रिक' नाम आहे.

अनुस्वार
त्रिक नको. त्रिकास्थी म्हटलं की कमरेचं हाड आठवतं, ज्योतिषात सहावं-आठवं-बारावं ही त्रिक स्थानं, आणि काश्मिरी शैव दर्शनाचं नावच त्रिक. इतक्या ठिकाणी राबलेला शब्द इथे आणखी का राबवायचा? 'स्वरत्रयी' सुंदर आहे. प्रस्थानत्रयी, वेदत्रयी, बृहत्त्रयी या सगळ्यांत तिघांचं एकत्र असणं अर्थपूर्ण असतं. ट्रायडचं तसंच आहे, ते कोणतेही तीन स्वर नव्हेत.

अवांतर: कॉर्ड 'ती' असते, मग ट्रायडही ती. धागाकर्त्यांनी 'दोन ट्रायड घ्यायचे' लिहिलंय ते खटकलं.

खर्ज
राबलेला शब्द नको असेल तर स्वरत्रयी सगळ्यात आधी बाद होते. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे वेदपाठातले तीन स्वर. 'स्वरत्रय' म्हटलं की संस्कृत शिकलेल्याच्या मनात तेच येणार. शिवाय व्याकरणात स्वर म्हणजे अ, आ, इ, ई. शब्दचर्चेत 'त्रिस्वर' वाचून मला तर क्षणभर तीन स्वर असलेला शब्द वाटला.

आणि 'त्रय' झिजतं. तापत्रय हा शब्द घ्या. आधिभौतिक, आधिदैविक, आध्यात्मिक असे मोजून तीन ताप होते. आज 'काय तापत्रय आहे' म्हणणारा कोणीही तीन मोजत नाही. ज्या शब्दात तिनाचा आकडा कानावर पडायलाच हवा तिथे त्रय वापरणं धोक्याचं.

पायपेटी
माझ्या लहानपणच्या पेटीच्या शिक्षकांचा शब्द 'तिकडी'. डाव्या हाताने भाता आणि उजव्याने गाणं, म्हणून तीन पट्ट्या एकदम दाबायची वेळ क्वचित यायची, पण शेवट भरदार करायचा असला की ते म्हणायचे, "तिकडी दाब." सा-ग-प. मग कोमल गंधाराची तिकडी, मग मध्यमावरून म-ध-सा. त्यांनी ट्रायड हा शब्द ऐकलेला नव्हता. पाश्चात्त्य संगीत शिकायला लागले तेव्हा ट्रायड म्हणजे काय हे मला कोणी समजावून द्यावं लागलं नाही, बोटांना तिकडी माहीत होतीच. एका जाणकारांनी नंतर मला सांगितलं की तिकडी हा शब्द माणसांसाठी असतो, सुरांसाठी नाही. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही.

'तिकड्यांची जोडी' म्हणा. कोणीही चुकणार नाही.

जुनी वही
मी गिटार वाजवतो, जॅझ वाजवणाऱ्यांत वावरतो. आम्ही 'ट्रायड पेअर' म्हणतो. अनेकवचन 'पेअरी' म्हणणारेही आहेत. 'एफ-जीची पेअर लाव' एवढं म्हटलं की काम होतं. मंचावर कोणी 'त्रिकयुग्म' म्हणणार नाही, आणि जो शब्द मंचावर म्हणता येत नाही तो पुस्तकात टिकत नाही. सॅक्सोफोनला मराठी शब्द शोधत नाही, जॅझला शोधत नाही, मेजर-मायनरला शोधत नाही, मग ट्रायडपाशीच का थांबायचं? ट्रायडला, ट्रायडची, ट्रायडांच्या अशी सगळी रूपं चालतात. शब्द मराठी झालेला आहे.

अनुस्वार
रूपं चालतात म्हणून शब्द मराठी होत नाही. ऐकणाऱ्याला त्यातून काही कळलं तर होतो. 'ट्रायड' ऐकून मराठी मुलाला तीन ऐकू येतात का? तिकडीत येतात, त्रिकात येतात, त्रयीतही येतात.

जुनी वही
'सप्तक' ऐकून आज किती जणांच्या मनात सात येतात? खर्ज यांनीच वर तापत्रय दाखवलं. शब्दाचा अर्थ वापराने भरतो, फोडीने नाही.

मींड
ट्रायडवरून इतकं चाललंय, पण या प्रकाराचं नाव आपल्याकडे आधीपासून आहे. सामाईक स्वर नसलेल्या दोन त्रयी म्हणजे सहा स्वर. सहा स्वरांच्या रागाला षाडव म्हणतात. धागाकर्त्यांचं उदाहरण सी हा षड्ज धरून लिहा: म ध सा आणि प नि रे. एकत्र केले तर सा रे म प ध नि, गंधार वर्ज्य. षाडव, गंधार वर्ज्य, तीन शब्दांत सगळं आलं.

आणखी दोन घ्या. सी मेजर आणि डी मेजर: सा ग प, रे म॑ ध. तीव्र मध्यम, निषाद वर्ज्य. सी मेजर आणि बी फ्लॅट मेजर: सा ग प, नि॒ रे म. कोमल निषाद, धैवत वर्ज्य. प्रत्येक जोडीची ओळख वर्ज्य स्वराने होते. शास्त्र तयार आहे, शब्द तयार आहे, तरी आपण नवीन नाणी का पाडतोय?

सुषिर
मींड, हे वाचून आनंद झाला. 'वर्ज्य स्वर' धड्यात नक्की घेईन. पण षाडव पुरत नाही, आणि ते का पुरत नाही हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. षाडव म्हणजे सहा स्वरांचा संच. तेच सहा स्वर ओळीने वाजवा: डी, एफ, जी, ए, बी, सी. संच तोच, पण ट्रायड पेअर गायब. एफ-ए-सी, जी-बी-डी, परत ए-सी-एफ, बी-डी-जी असं वाजवा, लगेच ती रंगत येते. सगळं मर्म गट पाडण्यात आहे.

लयीचंही तसंच. चार ठोक्यांच्या बारमध्ये आठ अर्धे ठोके. तीन-तीन सुरांचे तुकडे वाजवत गेलं की तुकड्याची सुरुवात दर वेळी वेगळ्या जागी पडते. चोवीस सूर झाले, म्हणजे तीन बार संपले, की मगच पुन्हा पहिल्या ठोक्यावर गाठ पडते. तेवढ्यात जोडीचे चार फेरे होतात. षाडव म्हटल्यावर यातलं काही ऐकू येत नाही. म्हणून 'जोडी' शब्दात राहिलीच पाहिजे.

अनुस्वार
मग 'जोडत्रयी'. जोडराग आहे ना आपल्याकडे? बसंत-बहार. दोन रागांची ओळख शाबूत ठेवून दोन्ही गायचे. कसब तेच आहे, एकातून दुसऱ्यात जायचं आणि दोघांनाही पुसू द्यायचं नाही.

मींड
जोडरागाशी तुलना नको. चांगल्या जोडरागात सांधा कळता कामा नये, सामाईक सुरावरून अलगद पलीकडे जायचं असतं. इथे तर सामाईक सूरच नाही आणि सांधा ऐकवायचाच आहे. बरोबर उलट.

अनुस्वार
सांधा लपवणं ही एक रीत झाली. पूर्वांगात एक राग, उत्तरांगात दुसरा असे उघड जोड दाखवणारे गायकही असतातच. त्यांना चूक म्हणणार का?

खर्ज
'जोड' आणि 'जोडी' एक नाहीत हे कोणी बोललंच नाही. सतारवादनात आलापानंतर जोड येतो, तो वेगळाच. जोडराग, जोडशब्द, जोडाक्षर यांत दोन वस्तू एकमेकींत मिसळतात. बैलजोडीत दोन बैल दोनच राहतात. तेव्हा धागाकर्त्यांना हवी आहे ती जोडी. 'जोडत्रयी' म्हटलं तर जोडाक्षरासारखी एकच मिसळलेली वस्तू वाटेल. 'त्रयीजोडी' किंवा 'त्रिकजोडी' हा बैलजोडीचा साचा आहे आणि तोच बरोबर आहे.

पायपेटी
जोडी, जू, युग्म सगळे युज् धातूचेच ना? मग इतका फरक कशाला?

खर्ज
जू हे युगावरून आलं, ते बरोबर. य चा ज होणं नेहमीचं आहे, यव-जव, यात्रा-जत्रा. पण युज् मधल्या ज् चा ड कसा झाला ते दाखवा. 'जोड' प्राकृतात जोड असाच सापडतो. अर्थ जवळचे असले म्हणजे घराणं एक असं नाही.

पायपेटी
घराणं वेगळं असेल, पण जू आणि जोडी एकाच बैलांच्या मानेवर आहेत. बोलणाऱ्याच्या मनात ते एकच.

काळी चार
व्युत्पत्ती चालू द्या, मी जरा मोजलं. मेजर सप्तकातल्या सात स्वरांवर सात त्रिकं. त्यांच्या जोड्या एकवीस. ज्यांचे पाये एक स्वर सोडून आहेत (सी आणि ई) त्यांच्यात दोन स्वर सामाईक. चौथ्या-पाचव्या अंतरावर (सी आणि एफ) एक सामाईक. सामाईक काहीच नाही अशी फक्त शेजारची त्रिकं: सी-डी, डी-ई, ई-एफ आणि पुढे. एकूण सात जोड्या. गंमत अशी की राहून जाणारा स्वर दर वेळी खालच्या त्रिकाच्या पायाच्या लगेच खालचा. सी-डीत बी, डी-ईत सी, एफ-जीत ई. आणि या सातांत दोन्ही मेजर अशी एकच: एफ-जी. म्हणून सगळे जिथेतिथे तीच वाजवतात.

मग शब्द सरळ आहे: 'शेजारत्रिकं'. वेगळेपण 'शेजार'मध्ये आपोआप येतं. शेजाऱ्यांत भिंत असतेच.

सुषिर
'शेजारत्रिकं' मला फार आवडला, पण तो सप्तकाच्या आतच चालतो. सी मेजर आणि एफ शार्प मेजर घ्या. सामाईक स्वर नाही, सी सेव्हनवर ही जोडी सर्रास वाजते, पण शेजार कुठेच नाही. दोघांत सहा अर्धस्वरांचं अंतर, त्याहून लांब जाताच येत नाही.

जुनी वही
हीच ती स्ट्राविन्स्कीच्या १९११ च्या 'पेत्रुष्का' या बॅलेतली गाजलेली जोडी. पण तिथे दोन्ही ट्रायड एकाच वेळी वाजतात. जॅझच्या सॅक्सोफोनवर एका वेळी एकच सूर, म्हणून एकामागून एक. 'जोडी' हा शब्द यातलं काहीच सांगत नाही. एकत्र की आळीपाळीने? म्हणून म्हणतो, शब्दाकडून सगळं वदवून घेऊ नका. ट्रायड पेअर लिहा, खाली दोन ओळी समजावून लिहा.

मींड
षाडवावर माझा हट्ट नाही, पण वर्ज्य शब्द धड्यात घेणार म्हणालात म्हणून एक विचारते. रागात वर्ज्य म्हणजे लावायचा नाही असा स्वर. जॅझमध्ये तसं बंधन असतं का?

सुषिर
खरं तर नाही, आणि माझी पुढची अडचण तीच आहे. जी सेव्हन ऑल्टर्डवर (काही सूर मुद्दाम वर-खाली केलेल्या जी सेव्हन कॉर्डवर) डी फ्लॅट आणि ई फ्लॅट या दोन मेजर ट्रायड वाजवतात. (अनुस्वार, इथे 'या' लिहिलंय.) सूर येतात डी फ्लॅट, एफ, ए फ्लॅट आणि ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट. राहतो बी. म्हणजे जी हा षड्ज धरला तर जी सेव्हनचा गंधारच, ज्याच्यावर त्या कॉर्डची ओळख उभी आहे तो. सॅक्सोफोनवाला तो वाजवत नाही, पण पियानोवाल्याच्या डाव्या हातात बी आणि एफ वाजत असतात. स्वर ऐकू येतो, फक्त माझ्याकडून येत नाही. त्याला वर्ज्य कसं म्हणू?

मींड
वर्ज्य रागातही इतका कडक नसतो. आरोहात वर्ज्य आणि अवरोहात घेतलेला असतो, विवादी स्वर म्हणून चुटपुटता लावतातही. पण साथीदाराने वाजवलेला वर्ज्य स्वर मला ऐकवणार नाही. इथे दुसरा शब्द हवा.

पायपेटी
'सुटलेला'? आमच्या तिकड्यांत एक पट्टी सुटायचीच.

खर्ज
सुटलेला आणि सोडलेला यांत फरक करा. सोडलेला म्हणजे कोणीतरी मुद्दाम सोडला. सुटलेला आपोआप सुटतो. काळी चार यांनी दाखवलंच आहे: दोन त्रिकं निवडली की सातवा स्वर आपसूक बाहेर पडतो, त्याला कोणी निवडून काढत नाही. म्हणून सुटलेला.

जुनी वही
ऑल्टर्डवर मी ही जोडी घेतो ती त्या बीसाठीच. तो पियानोवर आहे, मला त्याच्यावर परत बसायचं नाही, म्हणून तो नसलेली जोडी शोधून घेतो. माझ्यासाठी तो सोडलेला आहे.