मदत हवी आहे: व्यावसायिक मैत्रिणींच्या गटात पैशांविषयी मोकळेपणाने बोलायला सुरुवात कशी करावी?

नमस्कार. आम्ही काही व्यावसायिक स्त्रिया दर महिन्याला एकत्र भेटतो. आमच्यापैकी एकीचा छपाईचा व्यवसाय आहे, एक भौतिकोपचार केंद्र चालवते, एकीची संगणक प्रणाली तयार करणारी छोटी कंपनी आहे आणि मी स्वतः कामगारांचे व रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे गणवेश शिवून देते. या भेटींत कर्मचारी टिकवून कसे ठेवावेत, तक्रार करणाऱ्या ग्राहकाशी कसे बोलावे, नवे यंत्र घ्यावे की भाड्याने आणावे, अशा सगळ्या विषयांवर भरभरून बोलणे होते. मात्र "त्या कामात तुला उरले किती?" असा प्रश्न कोणी विचारला की उत्तर येते, "ठीक चालले आहे", आणि विषय बदलतो.

मागच्या भेटीत छपाईवाल्या मैत्रिणीने एका मोठ्या ग्राहकाबद्दल सल्ला मागितला. हे काम पुढे चालू ठेवावे की सोडावे, असा तिचा प्रश्न होता. तिने वर्षभराच्या कामांचा तक्ता पडद्यावर दाखवला, पण त्यात ए, बी, सी या रकान्यांनंतर थेट ई रकाना दिसत होता. रकमांचा रकाना तिने येण्यापूर्वीच लपवला होता. त्याशिवाय तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे कोणालाच शक्य नव्हते, तरीही आम्ही सर्वांनी तासभर सल्ले दिले आणि तो रकाना उघडायला कोणीही सांगितले नाही.

तिने तो का लपवला असेल हे मी समजू शकते. आकडा मोठा निघाला तर मिरवल्यासारखे वाटते आणि लहान निघाला तर इतकी वर्षे केलेल्या कामाची किंमत कमी झाल्यासारखी वाटते. शिवाय आमच्यापैकी निम्म्याजणींचे बँकेचे आणि कराचे व्यवहार पती, भाऊ किंवा वडील पाहतात, त्यामुळे स्वतःच्या व्यवसायाचा नेमका नफा विचारला तर घरी विचारून सांगावे लागेल अशी त्यांची स्थिती आहे. या स्त्रिया हुशार आहेत, कष्टाळू आहेत आणि त्यांच्या कामाला बाजारात मान आहे. पैशांच्या बाबतीत त्यांनी एकमेकींसमोर गप्प राहावे, ही गोष्ट मला मनापासून खटकते, कारण या गप्प राहण्याचा खर्च त्या दर महिन्याला भरत आहेत.

मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे की, अशा गटात आकड्यांविषयी बोलण्याची सुरुवात नेमकी कोठून करावी, ज्यांना आपले आकडे ठाऊकच नाहीत त्यांना संकोच न वाटता सहभागी कसे करून घ्यावे, आणि काय उघड करावे व काय करू नये याची मर्यादा कशी आखावी. आधी आत्मविश्वास आणि मग मोकळेपणा, असा क्रम असतो की उलट, हेही अनुभवी सदस्यांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

ताई, तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते बाकीचे सर्व त्यावर अवलंबून आहे. आर्थिक साक्षरता मोजण्यासाठी अॅनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या अर्थतज्ज्ञांनी तयार केलेले व्याज, महागाई आणि जोखमीची विभागणी यांवरचे तीन प्रश्न जगभर वापरले जातात. त्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वेळा "माहीत नाही" हा पर्याय निवडतात. नेदरलँड्समधील एका अभ्यासात तो पर्यायच काढून टाकला, तेव्हा त्यांतील अनेक स्त्रियांनी अचूक उत्तर दिले. स्त्री-पुरुषांच्या गुणांतील फरकापैकी सुमारे एक तृतीयांश फरक ज्ञानाचा नसून आत्मविश्वासाच्या कमतरतेचा आहे, असा निष्कर्ष त्या अभ्यासकांनी काढला. उरलेला फरक ज्ञानाचा आहे हेही विसरू नये, त्यामुळे नुसता धीर देऊन भागत नाही, हिशेब शिकावाही लागतो. माझा स्वतःचा अनुभव असा आहे की आकडा वारंवार उच्चारल्यानंतर आत्मविश्वास येतो. तो येईपर्यंत थांबून राहिलेल्या गटांत पैशांचा विषय कधीच निघत नाही.

सुरुवात रकमांनी करू नका, टक्के आणि दिवस यांनी करा. प्रत्येकीने पुढच्या भेटीला तीनच आकडे आणावेत. पहिला म्हणजे ढोबळ नफ्याची टक्केवारी, म्हणजे शंभराच्या विक्रीतून थेट त्या कामावरचा माल व मजुरी वजा जाता उरणारा भाग. दुसरा म्हणजे उधारी वसूल व्हायला लागणारे दिवस. ग्राहकांकडून येणे असलेल्या रकमेला वर्षभराच्या उधारीच्या विक्रीने भागून ३६५ ने गुणले की तो मिळतो. तिसरा म्हणजे आज विक्री थांबली तर हातातल्या रोकडीवर किती महिने खर्च भागेल. या तीन आकड्यांतून कोणाचा व्यवसाय किती मोठा आहे हे कळत नाही, म्हणून मिरवण्याची किंवा ओशाळण्याची भीती बरीच कमी होते, आणि तरीही सल्ला देण्याइतकी माहिती समोर येते.

तुमच्या छपाईवाल्या मैत्रिणीच्या बाबतीत पहिला आकडाच निर्णायक ठरेल असे मला वाटते. मोठा ग्राहक सहसा सूट मागतो. ढोबळ नफा ३० टक्के असताना १० टक्के सूट दिली, तर शंभराची वस्तू नव्वदला जाते, तिचा खर्च सत्तरच राहतो आणि तिसाच्या जागी वीसच उरतात. पूर्वीइतकाच नफा मिळवायला दीडपट माल विकावा लागतो. हा हिशेब फळ्यावर एकदा मांडून दाखवला की सूट देणे म्हणजे स्वभावाचा चांगुलपणा नव्हे, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मर्यादेविषयी एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्या. एकाच व्यवसायातील प्रतिस्पर्धी एकत्र बसून दर ठरवू लागले, तर बहुतेक देशांत तो स्पर्धा कायद्याचा भंग ठरतो. तुमच्या गटात वेगवेगळे व्यवसाय आहेत ही चांगली गोष्ट आहे, पण उद्या दुसरी गणवेशवाली आली तर तिच्याशी पुढच्या दरांविषयी बोलणे टाळा. ग्राहकांची नावे घेऊ नयेत, कागद भेटीनंतर परत घ्यावेत आणि ऐकलेला आकडा घरीही सांगू नये, एवढे नियम लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. पहिल्या भेटीत सर्वांसमोर बोलण्याऐवजी दोघीदोघींच्या जोड्या कराव्यात, म्हणजे बोलणे लवकर सुरू होते.

दुसरा प्रतिसाद

मी लेखापाल आहे. वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण नफ्याची टक्केवारी काढताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो, म्हणून लिहिते.

खर्चावर चढवलेली टक्केवारी आणि विक्रीवरच्या नफ्याची टक्केवारी एक नसते. विक्रीवर २५ टक्के नफा हवा असेल तर खर्चावर ३३ टक्क्यांहून थोडे अधिक चढवावे लागतात. २५ टक्केच चढवले तर विक्रीवर २० टक्के उरतात. गटातील प्रत्येकजण एकच पद्धत वापरत आहे याची खात्री करून घ्या, नाहीतर तुलना निरर्थक ठरेल.

दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. एकल मालकीच्या व्यवसायात मालकिणीने घेतलेली रक्कम हिशेबात खर्च म्हणून धरली जात नाही, ती उचल ठरते. त्यामुळे स्वतः दिवसभर राबणारी स्त्री काहीच घेत नसेल तर कागदावर नफा दिसतो, पण प्रत्यक्षात तो तिच्या न दिलेल्या पगाराचाच आकडा असतो. उद्या तिच्या जागी माणूस नेमायचा झाला तर त्याला जितका पगार द्यावा लागेल, तितकी रक्कम दर ठरवताना खर्चात धरलीच पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांना मी हा एक प्रश्न नेहमी विचारते आणि तो विचारल्यावर होणारी शांतता मला अजूनही अस्वस्थ करते.

घरातील कोणी व्यवहार पाहत असेल तर त्यांच्याशी वाद घालण्याची गरज नाही. बँकेच्या खात्याची माहिती स्वतःच्या फोनवर घ्यावी, लेखापालाच्या भेटीला स्वतः जावे आणि जामीन म्हणून किंवा सहकर्जदार म्हणून केलेली प्रत्येक सही वाचून करावी, कारण कर्ज थकले तर बँक सही करणाऱ्या कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते.

तिसरा प्रतिसाद

हा संकोच स्वभावातून आलेला नाही, हेही गटात बोलले जावे असे मला वाटते. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने कर्ज देताना लिंग आणि वैवाहिक स्थितीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली, तरी काही राज्यांत स्त्रीला व्यवसायासाठी कर्ज घेताना पुरुष नातेवाइकाची सही आणावी लागण्याची पद्धत १९८८ च्या कायद्याने बंद होईपर्यंत टिकून होती. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीविना स्वतःच्या नावाने खाते उघडण्याची मुभा १९६५ च्या कायद्याने मिळाली. आज व्यवसाय करणाऱ्या अनेकींच्या आयांच्या वयातली ही गोष्ट आहे.

बँक किंवा गुंतवणूकदार यांच्यासमोर बोलण्याची तयारीही जोड्यांमध्ये करता येईल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅना कान्झे आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले की, न्यूयॉर्कमधील एका स्पर्धेत गुंतवणूकदार पुरुष संस्थापकांना प्रामुख्याने वाढीविषयी विचारत होते आणि स्त्रियांना प्रामुख्याने नुकसान कसे टाळणार याविषयी. ज्यांनी नुकसानीविषयीच्या प्रश्नालाही वाढीच्या भाषेत उत्तर दिले, त्यांना अधिक भांडवल मिळाले. "ग्राहक गमावणार नाही याची काय खात्री?" या प्रश्नावर आधी जुन्या ग्राहकांपैकी किती परत येतात तो आकडा द्यावा आणि लगेच नवे ग्राहक कोठून येणार ते सांगावे. एकीने बँकेचा अधिकारी व्हावे, दुसरीने उत्तर द्यावे आणि मग जागा बदलाव्यात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपल्या सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन आकड्यांची कल्पना मी मैत्रिणींना कळवली. छपाईवाल्या मैत्रिणीने स्वतःहून ढोबळ नफा काढला आणि त्या मोठ्या ग्राहकाच्या कामावर तो तिच्या इतर कामांच्या निम्म्याहून कमी निघाला. आता ती त्याच्याशी दराविषयी बोलणार आहे आणि बोलण्याचा सराव माझ्यासोबत करणार आहे.

भौतिकोपचार केंद्र चालवणाऱ्या मैत्रिणीने दोन शंका विचारल्या आहेत. कर्मचाऱ्यांना किती सांगावे, हा तिचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न तिने फक्त मला विचारला आणि तिच्या परवानगीने येथे मांडते. आकडे काढल्यावर व्यवसाय तोट्यात असल्याचे दिसले तर गटात ते कसे बोलावे?

पहिला प्रतिसाद देणाऱ्या सदस्येचे उत्तर

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड रिमॅन्युफॅक्चरिंग या कंपनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९८३ मध्ये तेथील व्यवस्थापक जॅक स्टॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रचंड कर्ज काढून विकत घेतली आणि स्टॅक यांनी कारखान्यातील प्रत्येकाला नफा-तोट्याचे पत्रक वाचायला शिकवले. तेथे शिकवणे आणि दाखवणे बरोबरीने झाले, हे महत्त्वाचे आहे. न शिकवता दाखवलेल्या विक्रीच्या आकड्यावरून कर्मचाऱ्यांचा असा समज होतो की सारे पैसे मालकिणीच्या घरी जातात. तुमच्या मैत्रिणीने एकच आकडा निवडावा, जसे की महिन्यातील किती ठरलेल्या वेळा रुग्ण न आल्यामुळे रिकाम्या गेल्या, आणि त्याचा खर्चाशी असलेला संबंध समजावून सांगावा. कोणाचा पगार किती हे त्यांच्या संमतीविना उघड करू नये.

तोट्याविषयी मी थोडे अधिक सांगते, कारण याच ठिकाणी स्त्रिया गट सोडून जातात. तोटा आणि रोकड संपणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नफ्यातील व्यवसायही ग्राहकांनी नव्वद दिवस पैसे दिले नाहीत तर पगार देताना अडतो, आणि तोट्यातील व्यवसायाला सावरायला वेळ असू शकतो. म्हणून तिने पुढच्या तेरा आठवड्यांचा तक्ता करावा, त्यात कोणत्या आठवड्यात किती येणार आणि किती जाणार हे लिहावे, आणि रोकड कोणत्या आठवड्यात कमी पडते ते शोधावे. गटासमोर "माझा व्यवसाय तोट्यात आहे" असे सांगण्यापेक्षा "मला नवव्या आठवड्यात रोकड कमी पडेल असे दिसते" असे सांगणे सोपे जाते, आणि इतरांनाही मदत करता येते. कोणी वसुलीचे पत्र लिहून देऊ शकते, कोणी एखादा खर्च पुढे ढकलण्याचा मार्ग सुचवू शकते. ज्यांचे देणे आहे त्यांच्याशी तारीख उलटण्यापूर्वी बोलावे, कारण तेव्हा मुदत मागता येते आणि बहुधा मिळतेही. तारीख उलटून गेल्यावर केलेल्या बोलण्यात आधी खुलासे द्यावे लागतात.

तो तक्ता तयार झाला आणि तिची तयारी असेल, तर रकमा वगळून येथे मांडावा. मी आणि लेखापालताई तो पाहू.