मदत हवी आहे: अमळनेरच्या उन्हात टिकेल असा डमी केक

राम राम मंडळी. वहिनी घरून केकच्या ऑर्डरी घेते. आता बाजारात छोटा गाळा मिळालाय, उद्घाटन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. काचेच्या शोकेसमध्ये तीन मजली केक हवा आहे, अर्थात डमी. गाळ्याचं तोंड पश्चिमेला, दुपारनंतर ऊन सरळ काचेवर. आपल्याकडचा वैशाख काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

माप ठरलंय: खाली १० इंच, मग ८, वर ६, आणि प्रत्येक थर ४ इंच उंच. अडलंय ते वरच्या लेपावर. वहिनी म्हणते, खरं फॉन्डंटच (केकवर लाटून चढवतात ते साखरेचं आवरण) लावायचं. "पुट्टी फासली तर गिऱ्हाईक माझा हात बघणार की पेंटरचा?" मुद्दा खोटा नाही. पण मुंग्यांचं काय करायचं? आत थर्माकोल घ्यावा का? आणि रंग गुलाबीच हवाय, तो टिकेल का?

प्रतिसाद (भुसावळ):
फॉन्डंट म्हणजे बहुतेक साखरच. सावलीत, कोरड्या खोलीत ते महिनोन् महिने राहतं, पण तुमच्या काचेमागे उन्हाळ्यात वाळून तडे जातील आणि श्रावणात त्याला घाम फुटेल. मुंग्या तर आमंत्रणाची वाट बघत नाहीत. गुलाबी खाण्याचा रंग उन्हात सगळ्यात आधी उडतो.

थर्माकोल विकत आणूच नका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. फ्रिजच्या खोक्यातला सपाट तुकडा पडून असेल तर वापरा. पण त्यावर स्प्रे पेंट किंवा चपला चिकटवायचं सोल्युशन लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. फेविकॉल चालतं.

प्रतिसाद (धुळे):
मी तर पुठ्ठाच घेईन. दोन गोल चकत्या कापायच्या, मध्ये आधाराला उभ्या पट्ट्या, भोवती नालीदार पुठ्ठा गुंडाळायचा. नाल्या उभ्या ठेवा, म्हणजे पुठ्ठा न मोडता वळतो. वरून फेविकॉल-पाण्यात भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे दोन-तीन थर. कडेला तुकडे लहान लावा, म्हणजे धार गोल होते. पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी लावायची नाही, आतला ओलावा नंतर फुगे आणतो.

पुट्टीचे हात पातळ द्या, प्रत्येक हात वाळू द्या, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. तोंडाला रुमाल बांधा, ती धूळ वाईट.

आता वहिनींच्या हाताचा प्रश्न. त्याच पुट्टीत थोडं फेविकॉल आणि अगदी बेताचं पाणी घालून क्रीम काढायच्या कोनात (पिशवीत) भरा. चमचा वर उचलला की टोक उभं राहायला हवं, वाकलं तर पुट्टी वाढवा. स्टार नोझलने शेल (शिंपले), रोझेट (गुलाबासारखी गोल फुलं) सगळं उतरतं. तो हात पेंटरचा कसा असेल? थोडंथोडंच कालवा, कोनात घट्ट होऊन बसतं. नोझल लगेच धुवा आणि ते परत खाण्याच्या केकला लावायचं नाही. रंग पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक घ्या, खाण्याच्या रंगापेक्षा जास्त टिकतो.

प्रतिसाद (भुसावळ):
फुलं मात्र खऱ्या गम पेस्टची (साखरेच्या मळलेल्या गोळ्याची) करू द्या, तीच तर त्यांची कला. पाकळ्या वाळल्या की कडक होतात. तारेवर बसवा, म्हणजे पावसाळ्यात नुसती फुलं काढून डब्यात ठेवता येतील. मुंग्यांसाठी खडूच्या रेघा ओढू नका, ते कीटकनाशक असतं आणि दुकान खाण्याचं आहे. केकचा स्टँड पाण्याच्या ताटलीत ठेवा, जुनाच उपाय.

धागाकर्ता:
वहिनीला वाचून दाखवलं. पुट्टीच्या रोझेटवर गाडी अडली होती, पण पोळपाटावर एक काढून बघितलं आणि लगेच दुसरा कोन मागितला. पुठ्ठा नक्की. एकच राहिलं: तिन्ही थर चिकटवायचे का? पंखा अगदी वर आहे.

प्रतिसाद (धुळे):
चिकटवू नका. खालच्या थरात बंद करण्याआधी वाळूची पिशवी ठेवा, ती वजन धरेल. वरचे दोन थर मधोमध बांबूच्या काडीत ओवा. दिवाळीला एकच थर बदलून नवा केक दाखवता येईल. आणि समोर "डमी" अशी पाटी लावाच, नाहीतर एखादं पोरगं बोट घालून बघेलच.