काळा चुन्यो आणि पांढरी तुंता : फरक कशाने पडतो?

प्रश्न
पेरू आणि बोलिव्हियातील तितिकाका सरोवराभोवतीच्या पठारावर बटाटे गोठवून व वाळवून चुन्यो करतात, असे वाचले. काळा चुन्यो आणि पांढरी तुंता हे दोन्ही बटाट्याचेच असतील, तर त्यांत फरक कशाने पडतो? आणि ताजा बटाटा हाताशी असताना एवढा खटाटोप कशासाठी?

प्रतिसाद १
फरक पाण्याने पडतो. जून-जुलैच्या कोरड्या हिवाळ्यात, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि दिवसा लख्ख ऊन पडते. जमिनीवर पसरलेले बटाटे काही रात्री गोठले की त्यांच्या पेशी फुटतात. मग ते पायांनी तुडवून आतले पाणी काढतात व उन्हात वाळवतात. हा झाला काळा चुन्यो. तुंतेसाठी मात्र गोठलेल्या बटाट्यांना ऊन लागू देत नाहीत. ते कित्येक दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि नंतर साल काढून वाळवतात. कुस्को भागात तिलाच मोराया म्हणतात.

खटाटोपामागे केवळ साठवण नाही, आणि माझ्या मते हीच गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. इतक्या उंचीवरची थंडी सोसणाऱ्या अनेक जाती कडू असतात आणि त्यांतील ग्लायकोअल्कलॉइड नावाची विषारी द्रव्ये नुसत्या शिजवण्याने जात नाहीत. तुडवण्याने आणि विशेषतः पाण्यात ठेवण्याने ती बरीचशी निघून जातात. म्हणूनच, जिथे इतर बटाटे थंडीने मरतात तिथेही अन्न पिकवता येते.

प्रतिसाद २
वरील उत्तराशी मी सहमत आहे. कडूपणावर तिथे आणखी एक जुना उपाय आहे : तिथले मूळ रहिवासी आयमारा लोक उकडलेला बटाटा खाण्याजोग्या मातीच्या पातळ कालवणात बुडवून खातात, कारण ती माती ही विषारी द्रव्ये धरून ठेवते. साठवणीचे महत्त्वही कमी लेखू नये. नीट वाळलेला चुन्यो वर्षानुवर्षे टिकतो, आणि इंका राज्याच्या कोल्का नावाच्या कोठारांत त्याचे साठे ठेवले जात.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. तो शिजवतात कसा?

प्रतिसाद २
आधी रात्रभर भिजवून, पाणी बदलून, चांगला पिळून घेतात. ला पाझच्या चाइरो या दाट सूपमध्ये तो मांस आणि भाज्यांबरोबर शिजतो. त्याचा मातकट वास पहिल्यांदा खाणाऱ्याला खटकतो, पण रस्सा मुरल्यावर त्याच्याइतका चविष्ट घास त्या वाडग्यात दुसरा नसतो.