मदत हवी आहे: हवामानाचा रंगीत नकाशा वाडीला कसा समजावू?

नमस्कार मंडळी. मी चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या काठी राहते. पावसाळ्यात हवामान खात्याचा जिल्हावार इशाऱ्याचा नकाशा वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीच टाकते. २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ आमच्या पडवीच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर अजून दिसते, त्यामुळे हे काम मला नीटच करायचंय.

अडचण अशी की मंडणगडपासून राजापूरपर्यंत अख्खा रत्नागिरी जिल्हा एकाच रंगात दिसतो. परवा ऑरेंज होता आणि आमच्याकडे नुसती भुरभुर. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, तुझो नकाशो खोटा बोलता." आता त्या नकाशा उघडतच नाहीत, आणि मला याचीच भीती वाटते. ऑरेंज म्हणजे 'तयारीत राहा' आणि रेड म्हणजे 'आता हालचाल करा', हे मी लिहिते. पण रंग पावसाच्या शक्यतेचा असतो, नदीच्या पाण्याचा नाही, हे कसं पटवू?

शिवाय एका आजोबांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. त्यांच्यासाठी रंगावर अक्षरं लिहू की चित्रं काढू?

मनात असं आहे की गावचा साधा नकाशा हाताने काढावा: नदी, पूल, शाळा, उंचावरचं देऊळ आणि २०२१ ची पाण्याची रेघ. रोजचा रंग त्याच्या कोपऱ्यात. कुणी असं केलंय का? पुराची रेघ अचूक कशी आखलीत? फोटो असतील तर कृपया टाका.