कॅल्शियम उतरलं, पण क्रिएटिनिन?

आईंना मिल्क-अल्कली सिंड्रोम झाला, म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलीच्या (आम्ल मारणाऱ्या) गोळ्या जास्त झाल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढलं आणि मूत्रपिंडाला त्रास झाला. त्यांचं कॅल्शियम चार दिवसांत उतरलं, मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) का हटत नाही, असं तुम्ही विचारलंत. दोन्हींचा वेग वेगळा असतो हो. गोळ्या बंद केल्या, सलाइन चढवलं की कॅल्शियम काही दिवसांत जागेवर येतं. कधी कधी तर नॉर्मलच्याही खाली घसरतं, कारण रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, पण दबून गेलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. म्हणून घरी आल्यावरही रक्ततपासणी चुकवू नका. मूत्रपिंड मात्र सावकाश सावरतं. दुखणं लवकर पकडलं तर बहुधा पूर्ववत होतं. महिनोन्‌महिने चाललं असेल, किडनीत कॅल्शियम साठलं असेल, तर थोडं नुकसान कायमचं राहू शकतं.

आमच्या गिरगावच्या मावशीचं असंच झालं. हाडांसाठी कॅल्शियम कार्बोनेट, जोडीला ड जीवनसत्त्व, जळजळीला चघळायच्या गोळ्या (त्यातही तेच कार्बोनेट!) आणि बीपीसाठी थायझाइड, जे लघवीवाटे कॅल्शियम कमी जाऊ देतं. मळमळ, बद्धकोष्ठ, विसरभोळेपणा... आम्ही आपले 'वय झालं' म्हणत बसलो. तिचं क्रिएटिनिन खाली यायला दोन महिने लागले, आणि पूर्वीइतकं काही आलं नाही. पण डायलिसिसची वेळही आली नाही.

चहातल्या दुधाला मात्र उगाच घाबरू नका. १९१५ साली शिकागोचे डॉ. सिप्पी अल्सरवर तासातासाला दूध-साय आणि अल्कलीच्या पुड्या द्यायचे, त्यावरून 'मिल्क-अल्कली' हे नाव पडलं. आता खरा दोषी बहुतेकदा गोळ्यांचा डबा असतो. तो अख्खा डबाच नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना) नेऊन दाखवा.